खांबेटे काकांचे दोन सेकंद

खांबेटे काकांशी मी पहिल्यांदा बोलले तेव्हा मला वाटलं, यांना कमी ऐकू येतं. दुसऱ्यांदा बोलले तेव्हा वाटलं, माणूस शिष्ट आहे. तिसऱ्या वेळी मी त्यांना माझ्या सासूबाईंबद्दल असं काही सांगून बसले, जे मी सख्ख्या बहिणीलाही सांगितलं नव्हतं. तिन्हींचं कारण एकच. तुमचं बोलून झालं की काका लगेच उत्तर देत नसत. ते तुमच्याकडे बघत दोन सेकंद गप्प राहत आणि मग बोलत.

दोन सेकंद म्हणजे काही फार नव्हेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी कुणी "कसे आहात?" विचारलं की मनात दोन आकडे मोजून मग उत्तर देऊन बघावं. मी मूळची नागपूरची. आमच्या घरी बोलण्यात फट पडली की ती बुजवणं हे प्रत्येकाचं कर्तव्य असतं. काका गप्प झाले की मी बोलायचे. मी थांबले की ते पुन्हा दोन सेकंद गप्प, की मी पुन्हा सुरू. त्यांचं एक पार्सल चुकून आमच्या दारात ठेवलं गेलं होतं, तिथून निघालेलं बोलणं सासूबाईंपर्यंत पोचलं ते असं. सगळं ऐकून झाल्यावर काका म्हणाले, "पार्सल जड असेल. मी येऊन नेतो."

आम्ही अमेरिकेत, शुगर लँडला राहायला आलो त्याला आता चौदा वर्षं होतील. खांबेट्यांचं घर आमच्या बरोबर समोर. काका तेव्हाच निवृत्त झालेले होते. आयुष्यभर त्यांनी रिफायनरीत इन्स्ट्रुमेंट इंजिनिअर म्हणून काम केलं, म्हणजे दाब आणि तापमान दाखवणारे काटे खरं बोलतायत की नाही ते बघितलं. माणसांशी संबंध त्या मानाने कमी आला. हाफ पँट, तिला चामड्याचा पट्टा, गुडघ्यापर्यंत ओढलेले पांढरे मोजे आणि शर्टाच्या खिशात पेन्सिल, असा त्यांचा बारमाही वेष. ऑगस्टमध्ये इथे पायरीवर पाऊल टाकलं तरी घाम फुटतो, तेव्हाही मोजे तसेच.

शैलाकाकू याच्या उलट. त्या मंडळाच्या मराठी शाळेत शिकवायच्या आणि मुलांना विरामचिन्हं शिकवत असल्या तरी स्वतः बोलताना वापरत नसत. नवऱ्याची वाक्यंही त्याच पूर्ण करायच्या. काका "मला वाटतं…" एवढं म्हणाले की काकू म्हणायच्या, "भात कच्चा राहिलाय, माहितीये मला." पुष्कळदा त्यांना खरंच तेवढंच म्हणायचं असायचं. नसलं तर ते भात संपवून उठायचे.

त्या दोन सेकंदांचं मूळ त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर होतं. तिथे मीठ-मिरपूड आणि लोणच्याच्या बरणीशेजारी काकांचा स्कॅनर असायचा. स्कॅनर म्हणजे असा रेडिओ, जो गाणी लावत नाही, दुसऱ्यांचं कामाचं बोलणं ऐकवतो. अग्निशमन दल, अँब्युलन्स, पोलिस, रस्त्यांची दुरुस्ती करणारे, असे पुष्कळ चॅनल तो भराभर तपासत फिरतो. कुणी बोलताना सापडलं की थांबतो. बोलणं थांबलं की पुढे सरकतो.

"आणि इथेच गोम आहे," काका प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. रेडिओवर एक जण बोलतो आणि बटण सोडतो. मग दुसरा बटण दाबून उत्तर देतो. मधे क्षणभर काहीच नसतं. स्कॅनरला वाटतं संपलं, आणि तो निघून जातो. तुमच्या कानावर प्रश्न पडतो, उत्तर पडत नाही. म्हणून त्यात डिले नावाचं एक सेटिंग असतं. बोलणं थांबलं तरी इतके सेकंद इथेच थांब, असं त्याला सांगून ठेवायचं. काकांनी ते दोनवर ठेवलं होतं.

"बोलणं थांबलं म्हणजे संपलं असं नाही," हे त्यांचं वाक्य. पंचवीस-तीस वर्षं त्या यंत्रासमोर बसून त्यांचं स्वतःचं सेटिंगही तेच झालं होतं. काकूंशी संसार करणाऱ्या माणसाला हा डिले कधी वापरायला मिळत असेल, असा प्रश्न मला पडायचा. पण तो मी विचारला नाही.

दुसरं सेटिंग होतं खरखर गाळायचं. ते जास्त आवळलं तर खरखरीबरोबर लांबचे, बारीक आवाजही गळून जातात, म्हणून काका ते ढिलं ठेवायचे. त्यामुळे त्या घरात सतत एक बारीक आवाज असायचा. काकू म्हणायच्या, "आमच्याकडे बारा महिने कुणीतरी भजी तळत असतं, खायला मात्र मिळत नाहीत."

ऐकलेलं सगळं काका पेन्सिलीने वहीत उतरवायचे. वेळ, कोण बोललं, काय बोललं. सकाळी मी फिरायला निघाले आणि ते पोस्टाच्या पेटीपाशी भेटले, तर मला बातमी मिळायची.

"किराणा दुकानाच्या मागची कचरापेटी पेटली होती."

दोन सेकंद.

"विझली."

या माहितीचं मी काय करावं हे मला कधी कळलं नाही. पण काकांनी अर्धी बातमी कधी दिली नाही. कुणाचं मांजर झाडावर अडकलं असेल तर ते उतरल्याशिवाय मला कळायचंच नाही.

अपवाद एकदाच झाला, आणि तो आमच्या वस्तीत अजून कुणी विसरलेलं नाही.

इकडे गणपती आणि वादळांचा मोसम एकदमच येतात. त्या वर्षी मंडळाचा गणपती आमच्याकडे होता आणि दोन दिवस पाऊस थांबत नव्हता. आमची वस्ती नदीचा पूर अडवणाऱ्या मातीच्या बंधाऱ्याच्या आत आहे, त्यामुळे पाऊस लागला की सगळ्यांच्या माना आपोआप काकांकडे वळायच्या. काकांच्या लेकीने, अश्विनीने, त्यांना तेव्हा नुकताच नवा स्कॅनर दिला होता. त्यात भरपूर चॅनल भरता येत. काकांनी जबाबदारी गंभीरपणे घेतली. मिळतील तेवढे चॅनल भरले, आणि कुठलाही सुटू नये म्हणून यंत्राचा वेग वाढवण्यासाठी डिले शून्यावर आणला. आयुष्यात पहिल्यांदा.

सकाळी दहाच्या सुमाराला कुणीतरी कुणाला तरी विचारताना त्यांनी ऐकलं, की शाळेमागे रस्त्यावर पाणी आलंय, बंधारा फुटलाय का, लोकांना बाहेर काढायचं का. एवढं ऐकवून स्कॅनर पुढच्या चॅनलवर गेला.

काका म्हणाले, "शैला, शाळेमागे पाणी आलंय. ते विचारतायत की…"

काकूंनी वाक्य पूर्ण केलं. फोनही त्यांनीच केले. वीस मिनिटांत आमच्या रस्त्यावरची अकरा मराठी घरं गाड्यांमध्ये होती. मूर्तीला आम्ही मागच्या सीटवर बसवून सीटबेल्ट लावला, माझ्या मांडीवर समई, नवऱ्याच्या पायाशी पासपोर्टची पिशवी. उंचावरच्या एका चर्चच्या पार्किंगमध्ये आम्ही पाच तास बसलो. चर्चच्या लोकांनी कॉफी आणून दिली, आम्ही त्यांना उकडीचे मोदक दिले. आरतीची वेळ झाली तेव्हा छत्र्या धरून आरतीही झाली. मुलांच्या मते आजवरचा तो सगळ्यात चांगला गणेशोत्सव होता.

दुपारी परत आलो तर अंगणातलं गवत ओलं होतं. बाकी काही नाही. शाळेमागे पाण्याचा एक पाइप फुटला होता. प्रश्नाचं उत्तर लगेच दुसऱ्या वाक्यात आलं होतं, की बंधारा ठीक आहे, कुणाला हलवू नका. ते ऐकायला आमचा स्कॅनर तिथे नव्हता.

संध्याकाळी काका अकराही घरी गेले. मोजे ओले, हातात छत्री. प्रत्येक दारात एकच वाक्य. "मी प्रश्न ऐकला, उत्तराला थांबलो नाही. चूक माझी." काकू शेजारी उभ्या होत्या. वाक्य कुणी पूर्ण केलं होतं हे अकराही घरांना ठाऊक होतं, कारण फोनवर त्यांचाच आवाज होता. पण काकांच्या तोंडून त्यांचं नाव आलं नाही, आणि काकू सबंध वेळ गप्प होत्या. त्यांना तसं मी तेव्हा पहिल्यांदाच पाहिलं.

काकांनी दुसऱ्या दिवशी निम्मे चॅनल काढून टाकले आणि डिले चार सेकंदांवर नेला. यंत्राचाही आणि, मला शंका आहे, स्वतःचाही. पुढे कितीतरी वर्षं पार्टीत कुणीतरी पाव ग्लास वाइन पिऊन विचारायचंच, "काय काका, निघायचं का?" काका चार सेकंद त्याच्याकडे बघायचे. म्हणायचे, "नाही."

पुढे केव्हातरी पोलिसांनी आपलं बोलणं बाहेरच्यांना कळू नये अशी व्यवस्था केली. स्कॅनरवरचा निम्मा संसार गेला. मला वाटलं, काका खचतील. ते म्हणाले, "त्यांना खाजगी बोलायचंय. बरोबर आहे." उरलेल्या चॅनलवर ते खड्डे बुजवणाऱ्यांचं बोलणं ऐकत राहिले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका सकाळी पोळ्या लाटता लाटता काकूंच्या हातातून लाटणं पडलं. काकांनी त्यांना काय झालं विचारलं, आणि काकूंना सांगता येईना. अँब्युलन्स सहा मिनिटांत आली. हे मला काकांनी सांगितलं, कारण अर्थातच वेळ त्यांनी लिहून ठेवली होती. काकू वाचल्या. उजवा हात हळूहळू परत आला. पाय आला. बोलणं मात्र आलं नाही.

म्हणजे अगदीच आलं नाही असं नव्हे. अधूनमधून एखादा शब्द यायचा, पण भलताच. मी डबा घेऊन गेले की विचारायचे, "काकू, कशा आहात? आज भाजी आणलीये, आवडली का वास? उकाडा किती आहे ना?" आणि काकू कधीतरी मधेच "बरी" म्हणायच्या, पण तोवर मी उकाड्यावर असायचे. मला वाटायचं, बिचारीला काही कळत नाही. घरी येऊन मी रडायचे. जिचं बोलणं ऐकून कधी कधी डोकं उठायचं, तिचं ते बोलणं मला इतकं हवं होतं.

वाचा सुधारायला घरी येणारी मुलगी होती, रेचल. वयाने माझ्या धाकट्या भाचीएवढी आणि स्वभावाने फार गोड. अडचण अशी, की पस्तीस वर्षं अमेरिकेत राहूनही काकूंचं इंग्रजी त्या सकाळी जे गेलं ते गेलं. जे उरलं ते मराठी. म्हणून दर दोन-तीन महिन्यांनी जी चाचणी व्हायची तिला दुभाषी म्हणून मी बसायचे.

त्या चाचणीवर पुष्कळ काही अवलंबून होतं. सुधारणा दिसली नाही तर रेचलचं येणं बंद होणार होतं. आणि काकूंना काही समजतच नाही असं ठरलं, तर अश्विनी त्यांना डॅलसला तिच्या घराजवळच्या केअर होममध्ये ठेवणार होती. तिथे जागा मिळाली होती, महिनाअखेरीला कळवायचं होतं. अश्विनी वाईट मुलगी नव्हे. वकील आहे, तिला दोन लहान मुलं आहेत, आणि वडील एकोणऐंशीचे. ती जे म्हणत होती त्यात चूक काढायला मला जागा दिसत नव्हती.

चाचणीत चित्रं दाखवायची असतात. रेचलने कंगव्याचं चित्र धरलं. काकू बघत राहिल्या. थोडं थांबून रेचलने किल्लीचं चित्र धरलं. काकू म्हणाल्या, "कंगवा." मी रेचलला सांगितलं, "शी सेड कोम." रेचलने हळूच फुली मारली. पुढे कपाचं चित्र आलं, काकू म्हणाल्या, "किल्ली." मी भाषांतर केलं, फुली पडली. अशा चौदा फुल्या. माझं इंग्रजी बिनचूक होतं, त्यामुळे एकही फुली सुटली नाही.

काका कोपऱ्यात खुर्चीवर बसून बघत होते.

त्या शनिवारी अश्विनी आली. टेबलाशी आम्ही तिघं. काकू आत झोपल्या होत्या. अश्विनी म्हणाली, "बाबा, शी डझन्ट अंडरस्टँड अस एनीमोअर. आय नो इट्स हार्ड. बट यू कान्ट डू धिस अलोन." तिने त्यांच्यासमोर केअर होमचं माहितीपत्रक ठेवलं. त्यावर एक आजी कुंडीला पाणी घालत हसत होती.

काकांनी ते पूर्ण वाचलं. मागचं पानही. चार सेकंद झाले, आठ झाले, मला तर खोकला काढावासा वाटायला लागला.

"मला दोन आठवडे दे," काका म्हणाले. "रेचलला मी चाचणी लवकर घ्यायला सांगतो. मग तू म्हणशील तसं."

"व्हॉट विल चेंज इन टू वीक्स?"

"माहीत नाही. अजून मोजलेलं नाही."

मग त्यांनी मोजायला सुरुवात केली. मी दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तर स्कॅनर बंद. त्या घरात आलेली एवढी शांतता मला सहन होईना. काका वही आणि हातातलं घड्याळ घेऊन काकूंसमोर बसले होते. मला बघून त्यांनी वही पुढे केली. वाच म्हणाले.

वहीत नेहमीसारख्याच नोंदी होत्या. सव्वानऊला: "चहा हवा का?" चार सेकंदांनी: "पाणी देऊ?" त्यानंतर सात सेकंदांनी काकू: "हो." मग पाणी दिलं. काकूंनी पेला बाजूला सारला.

"बघ," काका म्हणाले. "मला वाटलं, हिला पाणी हवं की नको हेच कळत नाही. तो 'हो' चहाचा होता."

मी पानं उलटत गेले. सगळीकडे तेच. प्रश्न, त्यावर दुसरा प्रश्न, आणि मग पहिल्याचं उत्तर. पुढच्या पानांवर मधला प्रश्न नव्हता. नुसता एक प्रश्न, खाली रिकामी जागा, आणि अकरा सेकंदांनी उत्तर. चहा? हो. दुखतंय? नाही. खिडकी उघडू? उघडा. सकाळी अकरा सेकंद, दमल्यावर संध्याकाळी सोळा-सतरा. एका पानावर माझं नाव होतं. "वैशाली: कशा आहात. भाजी. वास. उकाडा. शैला, बारा सेकंदांनी: बरी." त्यापुढे काकांनी शेरा मारलेला नव्हता. मारला असता तर बरं झालं असतं.

मला तिथल्या तिथे त्या चौदा फुल्या आठवल्या. किल्लीच्या चित्राला कंगवा आणि कपाच्या चित्राला किल्ली. काकूंनी एकही उत्तर चुकवलं नव्हतं. आम्हीच पुढे निघून जात होतो, आणि मी सगळ्यात भराभर.

"काका, हे कळलं ना आता," मी म्हणाले. "आता काळजी नाही."

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मीही, आयुष्यात प्रथमच म्हटलं तरी चालेल, मधे बोलले नाही.

"मी थांबेन," काका म्हणाले. "मला सवय आहे. पण माझ्यानंतर हिचं उत्तर येईपर्यंत कोण थांबणार?"

काकांनी वही परत घेतली आणि काकूंना विचारलं, "शैला, वैशालीला चहा करू का?" आम्ही दोघं बघत बसलो. अकरा सेकंदांनी काकू म्हणाल्या, "आल्याचा."

दोन आठवड्यांनी घेतलेल्या चाचणीला अश्विनी मुद्दाम आली. काकांनी रेचलला वही दाखवली. इंग्रजी शीर्षकं आणि सरासरी घालून एक तक्ताही केला होता, रिफायनरीत करत असतील तसा. रेचल म्हणाली, चाचणीत किती थांबायचं याचे नियम असतात. मग तिने तक्ता पुन्हा वाचला. म्हणाली, मी आधी नियमाने घेते, मग तुमच्या पद्धतीने घेते, आणि दोन्ही लिहिते.

नियमाने पुन्हा फुल्या पडल्या. मग तिने पुन्हा कंगव्याचं चित्र धरलं आणि आम्ही सगळे गप्प बसलो.

अकरा सेकंद किती असतात हे मला त्या खोलीत कळलं. पाचव्या सेकंदाला वाटतं, संपलं. सातव्याला वाटतं, मदत करावी. नवव्याला आपलीच लाज वाटायला लागते. काकूंचे ओठ हलले. "कंगवा." मग किल्ली. मग कप. कात्रीच्या चित्राला त्या अडल्या, चमच्यालाही. पण सोळापैकी अकरा आले, आणि रेचल बरोबरच्या खुणा करता करता डोळे पुसत होती.

शेवटी अश्विनी आईसमोर गुडघ्यांवर बसली. तिला मराठी समजतं, बोलायचं झालं की ती शब्द मोजून ठेवते. तिने विचारलं, "आई, तुला माझ्याकडे यायचं आहे? डॅलसला?"

तीन सेकंद झाले असतील. अश्विनीला धीर धरवेना. "बिकॉज, मॉम, इफ यू…" काकांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. ती थांबली.

"नाही," काकू म्हणाल्या.

अश्विनीने मान खाली घातली आणि उठायला लागली. काकांनी हात काढला नाही. ती तशीच बसून राहिली. स्वयंपाकघरातल्या फ्रिजची मोटर सुरू झाली, बंद झाली.

"तू ये," काकू म्हणाल्या.

माहितीपत्रक त्या दिवशी रिसायकलच्या डब्यात गेलं. अश्विनी दर दुसऱ्या शुक्रवारी चार-साडेचार तास गाडी हाकून यायला लागली, कधी मुलांना घेऊन. मुलं आजीला प्रश्न विचारून मोठ्याने आकडे मोजायची. काका त्यांना मनात मोजायला सांगायचे. स्कॅनर त्यांनी कपाटात ठेवून दिला होता. मी विचारलं तर म्हणाले, "दोन्हीकडे लक्ष राहत नाही."

असं सव्वा वर्ष चाललं. या वसंतात एका दुपारी काका मागच्या अंगणात नळी गुंडाळताना खाली बसले आणि उठले नाहीत. कुणाला काही विचारायला वेळही मिळाला नाही. मला अजूनही त्यांच्या पोस्टाच्या पेटीकडे सकाळी बघवत नाही.

फ्युनरल होममध्ये आम्हाला एक तास मिळाला होता. आमचे गुरुजी एरवी एका बँकेचा डेटाबेस सांभाळतात, त्यामुळे वेळेचे पक्के. काकांना सिल्कचा कुर्ता घातला होता. त्यात ते दुसरेच कुणीतरी वाटत होते, आणि ते सगळ्यांनाच जाणवत असावं, कारण कुणी फार जवळ जात नव्हतं. काकू दमू नयेत म्हणून पहिल्या रांगेत व्हीलचेअरवर होत्या. गुरुजींनी वाकून त्यांना विचारलं, "काकू, तुम्हाला काकांबरोबर काही द्यायचंय का?" काकू काकांकडे बघत राहिल्या. गुरुजी माणुसकी म्हणून जरा थांबले. मग सरळ होऊन म्हणाले, "चला, सगळ्यांनी एकेक प्रदक्षिणा घालून फूल वाहा."

साठ-सत्तर माणसं उठली. साड्या सळसळल्या, खुर्च्या सरकल्या. मी तोंड उघडणार, तेवढ्यात माझ्या पुढून आवाज आला.

"गुरुजी, थांबा," अश्विनी म्हणाली. "सगळे थांबा. प्लीज. तिने अजून सांगितलं नाहीये."

सगळे जिथल्या तिथे उभे राहिले. कुणाच्या हातात गुलाब, कुणाच्या हातात झेंडू. गुरुजींनी घड्याळाकडे बघितलं आणि मग हात मागे बांधले. दमलेल्या दिवसाचे ते सोळा-सतरा सेकंद होते, कदाचित जास्तही. या खेपेला ते मोजणारं कुणी नव्हतं.

"चष्मा," काकू म्हणाल्या.

तो अश्विनीच्या पर्समध्ये होता. तिथल्या लोकांनीच कपडे बदलताना काढून तिच्या हातात दिला होता. तिने तो ओढणीला पुसला, पुढे झाली, एक काडी उजव्या कानामागे, एक डाव्या कानामागे, आणि नाकावर थोडा खाली, ते ठेवायचे तसा ठेवला. काका आता काकांसारखे दिसत होते. अश्विनी वळली, पण जागेवर परत गेली नाही. आईजवळ खाली बसली आणि अजून काही आहे का ते ऐकायला थांबली.